मंडपात ॲम्प लावण्याआधी

गणपतीतल्या कार्यक्रमाला पंधरा दिवस राहिले की आमच्या पोरांमध्ये एकच विषय सुरू होतो, यंदा कुठलं ओव्हरड्राइव्ह घ्यायचं, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं, पायाने दाबायचं पेडल. मी म्हणतो, आधी टेस्टर घ्या. खिशाला अडकवायचा, आत इवलासा दिवा असलेला. पोरं हसतात. मीही हसलो असतो, पण काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका मंडपात पहिली ओळ गायला तोंड माइकजवळ नेलं आणि ओठाला असा सणसणीत झटका बसला की पुढची ओळ कुठली ते आठवेना. डावा हात तारांवर, ओठ माइकला, आणि वीज माझ्यातून इकडून तिकडे. पहिल्या रांगेतल्या काकूंना वाटलं, पोरगा लाजला.

चूक माझीच होती. माझ्या गिटारच्या ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, पिन चपटी, परदेशी. आपल्या बोर्डात बसावी म्हणून मी फुटपाथवरून घेतलेला कन्व्हर्टर लावला होता आणि त्याची जाड तिसरी पिन नुसती शोभेची होती, आत तिला काहीच जोडलेलं नव्हतं. माइकचं अर्थिंग साउंडवाल्याकडून नीट, माझ्या ॲम्पला मात्र अर्थिंगच नाही. वैताग म्हणजे त्याआधी महिनाभर ॲम्पमधून जी घूंऽऽ येत होती ती पेडलची समजून मी दुसरं पेडल विकत आणलं होतं. तेही घूंऽऽ करत होतं.

तेव्हापासून माझी यादी भिंतीपासून सुरू होते आणि गिटारकडे येत जाते. पेडल मध्ये कुठेतरी लागतं.

भिंतीपाशी बघायचं ते असं. कन्व्हर्टर फेकून द्यायचा आणि इलेक्ट्रिशियनकडून ॲम्पच्या वायरला आपला तीन पिनांचा प्लग बसवून घ्यायचा, अर्थच्या वायरसकट. घूं कमी व्हावी म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता त्यांचा ॲम्प आपण वापरायचा नाही, एवढं पुरे. ॲम्प आणि पेडलांचा पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावायचा. दोन वेगळ्या बोर्डांवरून दोन वेगळे अर्थ आले की त्यांच्यातच गुणगुण सुरू होते. मंडपात पोचल्यावर गिटार गळ्यात घालण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि मग गिटारच्या तारांना लावायचा. दिवा मिणमिणला तरी साउंडवाल्याला हाक मारायची. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर मल्टिमीटरने व्होल्टेज बघायचं. आपल्याकडे २३० व्होल्ट धरतात, २०७ ते २५३ मध्ये काटा असेल तर ठीक. त्याच्या वर गेला तर ॲम्प लावायचा नाही, मग कार्यकर्ते कितीही घाई करोत.

अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेला ॲम्प असेल तर त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. १२० व्होल्ट लिहिलेला ॲम्प थेट आपल्या सॉकेटमध्ये गेला तर फ्यूज उडाला हे नशीब समजायचं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ॲम्पच्या आवाजाच्या वॅटवरून नाही, ॲम्प भिंतीतून किती ओढतो त्यावरून घ्यायचा. ४० वॅटचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, दीडशे-दोनशे वॅट सहज ओढतो, म्हणून ३०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर बरा. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरला बाहेर दोनच भोकं असतात, म्हणजे अर्थिंग पुन्हा गायब. तो नको.

आता ॲम्प. हे काम आदल्या दिवशी करायचं नाही, पंधरा दिवस आधीच करायचं, कारण काही निघालं तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारावी लागते आणि गणपतीच्या तोंडावर कारागिराकडे मंडळांचे ॲम्प्लिफायर आधीच रांगेत असतात. सगळे नॉब एकेक करून फिरवा. खरखर आली तर ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा नॉबमागच्या पॉटमध्ये, म्हणजे नॉबबरोबर फिरणाऱ्या भागात, मारायचा आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे इथे मारू नका, आज खरखर जाईल आणि दोन महिन्यांनी धूळ चिकटून दुप्पट परत येईल. पॉटपर्यंत पोचायला चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, काढावा लागत असेल तर मात्र थांबा. ट्यूब ॲम्पच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ साठून राहतात. ते काम कारागिराचं.

ट्यूब ॲम्प असेल तर मागून डोकावून आधी छोट्या ट्यूब बघा, बहुतेक १२एएक्स७ असतात. ॲम्प चालू ठेवून, आवाज थोडा वाढवून, पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेकीवर हलकेच टिचकी मारायची. थोडा टक्‌ आवाज आला तर हरकत नाही. घंटेसारखा घणघणला किंवा शिट्टी वाजली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली, म्हणजे माइकसारखा धक्काही उचलायला लागली, बदला. ही छोटी ट्यूब घरी बदलता येते, ॲम्प बंद करून आणि गार झाल्यावर. मोठ्या पॉवर ट्यूबचं, म्हणजे ईएल३४, ६एल६ वगैरेंचं, तसं नाही. त्या जोडीने बदलतात आणि बऱ्याच ॲम्पमध्ये नंतर बायस, म्हणजे ट्यूबमधला स्थिर प्रवाह, लावून घ्यावा लागतो. पिशवीत एक जादा १२एएक्स७ आणि मागच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याचेच दोन फ्यूज असू द्या. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून नेणारे कलाकार मी पाहिलेत. त्यांचा कार्यक्रम पार पडतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

स्पीकरची वायर स्वतंत्र असते. गिटारची केबल तशीच दिसते, जॅकही तोच, पण तिच्यातली तार केसासारखी बारीक. स्पीकरसाठी ती वापरू नका. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं श्राद्ध घालणं. ॲम्पच्या मागे ८ ओहम लिहिलं असेल तर कॅबिनेटही, म्हणजे स्पीकरचं खोकंही, ८ ओहमचं हवं.

मुंबईच्या हवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण परदेशी माहितीपत्रकात हे नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल, कपाटात बुरशी, आणि ॲम्पच्या जॅकवर हिरवट-काळपट थर. सगळ्यात फसवा असतो इफेक्ट्स लूपचा जॅक. लूप म्हणजे ॲम्पच्या मधल्या टप्प्यावर पेडल जोडायची वाट, सेंडच्या जॅकमधून आवाज बाहेर, रिटर्नमधून परत आत. तुम्ही लूप वापरत नाही, म्हणून तो वर्षभर कोणी छेडत नाही. पण कित्येक ॲम्पमध्ये आवाज त्याच जॅकच्या आतल्या पत्रीवरून पुढे जातो. ती पत्री गंजली की आवाज मध्येच बसतो, चिरकतो, नॉब जोरात फिरवला की परत येतो. लोक ट्यूब बदलतात, पेडल बदलतात. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावून बघा. आवाज सुधारला तर दोष पत्रीचा. जॅकमध्ये प्लग दहा-बारा वेळा आतबाहेर केला, थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, की बहुतेक वेळा काम होतं.

झाकायला प्लास्टिक नको, आत घाम धरतं. माझ्या ॲम्पवर आजीचं जुनं सुती लुगडं असतं, चार पदरी. पाठीमागच्या पोकळीत सिलिका जेलची पुडी ठेवते ती आई, तिच्या चपलांच्या खोक्यांतून जमवलेली. झुरळांकडेही लक्ष ठेवा, उबदार जागा त्यांना फार आवडते. आणि एसी स्टुडिओतून सरावानंतर ॲम्प थेट मंडपात नेलात तर गार धातूवर दमट हवेचं पाणी धरतं, चष्म्यावर धरतं तसं. अर्धा तास थांबून मग चालू करा.

आता पेडल. पोरांनो, आलात इथवर!

ओव्हरड्राइव्ह निवडताना पेडल चांगलं की वाईट हे विचारण्याआधी माझ्या ॲम्पमध्ये काय कमी आहे हे विचारायचं. आयबानेझ कंपनीचं टीएस८०८ ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह १९७९चं, त्यापाठोपाठ १९८२ला टीएस९. दोन्ही खालचा बास कापतात आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मधला आवाज पुढे काढतात. फेंडर कंपनीच्या ठेवणीच्या ॲम्पमध्ये नेमका तोच भाग दबलेला असतो, म्हणून ती जोडी जमते, वरणाला फोडणी बसावी तशी. मार्शलच्या ठेवणीच्या ॲम्पमध्ये मधला आवाज आधीच भरपूर. तिथे हेच पेडल ड्राइव्ह, म्हणजे फाटण्याचा नॉब, वाढवून लावलं तर नाकात बोलल्यासारखं होतं. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल, म्हणजे पेडलमधून बाहेर पडणारा आवाज, वर, आणि फाटण्याचं काम ॲम्पकडे सोपवायचं. बास कापला जात असल्यामुळे खालच्या तारांवरची रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी धून, चिखल होत नाही, ताठ राहते. बॉस कंपनीचं ब्लूज ड्रायव्हर, बीडी-२, १९९५चं. ते बास बऱ्यापैकी ठेवतं आणि वरून उजळ असतं. ज्यांना गिटारचा मूळ रंग हवा त्यांना ते भावतं, पण आठ इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पवर त्याचा बास फडफडतो.

ट्यूब स्क्रीमरच्या आतल्या ४५५८ या आयसीबद्दल लोक देवघरातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलतात. लॅमिंग्टन रोडवर जे बास-ट्रेबलचे तयार बोर्ड मिळतात त्यांवर बऱ्याचदा हीच आयसी असते. म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीच्या डब्यातही ती असू शकते. किंमत चहा-वड्याइतकी. जादू तिच्याभोवतीच्या कपॅसिटर-रेझिस्टरांत आहे.

भाड्याच्या सामानात अनेकदा रोलँडचा जेसी-१२० समोर येतो. १९७५पासूनचा, ट्रान्झिस्टरचा, साठ-साठ वॅट, बारा इंची दोन स्पीकर, आणि लख्ख स्वच्छ. हा ॲम्प स्वतः गोड फाटत नाही, म्हणून पेडलची लेव्हल वाढवून त्याला ढकलण्यात अर्थ नाही. सगळं फाटणं पेडलमध्येच करायचं, ॲम्पचा ब्राइट स्विच बंद, ट्रेबल निम्म्याच्या खाली. घरी ट्यूब ॲम्पवर लावलेलं पेडल इथे माश्या घोंगावल्यासारखं वाटेल. टोनचा नॉब मागे घ्या, घाबरू नका.

लावायची पद्धत एकच. आधी पेडल बंद. ॲम्पचे सगळे नॉब बाराच्या काट्यावर ठेवून गिटार सरळ ॲम्पमध्ये, आणि तोच आवाज ऐकवेल असा करायचा. तो बिघडलेला असेल तर कुठलंही पेडल तो सुधारत नाही. मग पेडल चालू, ड्राइव्ह खाली, टोन मध्ये, आणि लेव्हल इतकी की चालू-बंद केल्यावर आवाज तेवढाच मोठा राहील. त्यानंतर ड्राइव्ह हळूहळू वर. ट्यूब ॲम्प आधीच फाटत असेल तर सोलोला दुसरं ओव्हरड्राइव्ह दाबून आवाज वाढत नाही, फक्त दाटतो. आवाज खरोखर वर यायला हवा असेल तर बूस्ट, म्हणजे नुसता आवाज वाढवणारं पेडल, इफेक्ट्स लूपमध्ये लावा.

घरात रात्री हळू आवाजात बसवलेला सूर मंडपात जसाच्या तसा चालत नाही. हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यामुळे घरी आपण नकळत दोन्ही वाढवतो, आणि स्टेजवर नुसता ढुमढुमाट आणि किर्र होतं. बास कमी, मिड जास्त, गेन, म्हणजे फाटणं, घरच्यापेक्षा निम्मा, असं धरूनच निघा.

पेडलांना वीज ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. घरातल्या वायफाय राउटरचा ॲडॉप्टर तसाच दिसतो, जॅकही बसतो, पण तो बहुतेक १२ व्होल्टचा आणि मध्ये पॉझिटिव्ह. त्याने पेडल जातं. ॲडॉप्टरवर रंगीत टेप लावून ठेवा. एका वायरवरून पाच पेडलं चालवायची तर ओव्हरड्राइव्ह तक्रार करत नाहीत, त्यांना पाच-दहा मिलिॲम्प लागतात. डिजिटल डिले, म्हणजे प्रतिध्वनीचं पेडल, आला की चींऽऽ सुरू होते, त्याला वेगळा सप्लाय द्या. बॅटरीवर वाजवत असाल तर इनपुटचा जॅक काढूनच झोपा. जॅक आत राहिला की बॅटरी रात्रभर जळत असते. मंडपातल्या रोषणाईची झरझर गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या एकेरी वेटोळ्यात, घुसते. तिथे उभं राहून थोडं थोडं वळून बघा, एका दिशेला ती कमी होते, मग कार्यक्रमभर तसेच तिरके उभे राहा.

नेण्याबद्दल: १५ वॅटचा छोटा ट्यूब ॲम्पही चौदा-पंधरा किलो भरतो. काळी-पिवळीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तेव्हा ॲम्प मागच्या सीटवर, स्पीकरची बाजू सीटच्या पाठीकडे, आणि तुम्ही त्याच्या शेजारी. लोकलने जायचं तर दुपारीच, लगेजच्या डब्यात. दादरला संध्याकाळी सहा वाजता ॲम्प घेऊन पुलावर चढायचा विचारही नको.

साउंडचेक लवकर मागा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, सणाच्या काही मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत. भाषणं लांबली की कात्री आपल्याच गाण्यांना लागते, आणि सूर लावायला मिळालेली दहा मिनिटं तीन होतात. म्हणून नॉबांचे काटे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेले बरे.

कार्यक्रम संपला की ॲम्प लगेच उचलायचा नाही. ट्यूब तापलेली असताना बसलेला धक्का तिला सहन होत नाही. पंधरा मिनिटं तशीच जाऊ द्या. तेवढ्यात आरती होते, प्रसादाचा शिरा मिळतो, केबली गुंडाळून होतात. मग पाठीवर हात ठेवून ॲम्प गार झालाय का बघा, लुगडं पांघरा आणि टॅक्सीला हात करा.