केमो डे-केअरमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

वॉर्डात ‘केमो’ हा शब्द सरसकट वापरतात. ट्रॅस्टुझुमॅबची बाटली लावली की केमो, आणि घरी कॅपेसिटाबिन घेणारा पेशंट म्हणतो, ‘केमो नाही, नुसत्या गोळ्या चालू आहेत.’ खरं तर उलट आहे. कॅपेसिटाबिनचं शरीरात फाइव्ह-एफयू (केमोचंच एक औषध) होतं, म्हणजे ती पक्की केमो. ट्रॅस्टुझुमॅब ही अँटिबॉडी आहे, म्हणजे ठरावीक लक्ष्यावरच काम करणारी टार्गेटेड थेरपी. तिने पांढऱ्या पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या रक्तपेशी) सहसा तितक्या उतरत नाहीत, पण हृदयावर ताण येऊ शकतो म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरावीक अंतराने बघावा लागतो. संधिवाताला आठवड्यातून एकदाच दिलेली मेथोट्रेक्सेट हीसुद्धा केमोचीच गोळी. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

म्हणून ‘केमो कधी झाली?’ एवढंच विचारून थांबू नका. औषधाचं नाव, कितवी सायकल (उपचाराची फेरी), शेवटचा डोस कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. बऱ्याच औषधांत पांढऱ्या पेशी ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी पेशंटने लगेच यायचं, पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळ्यावाल्यांनाही हेच लागू.

डोस बहुतेक वेळा बॉडी सरफेस एरियावर, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर निघतो. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १६० सेंमी, ५४ किलो म्हणजे साधारण १.५५ चौरस मीटर. पॅक्लिटॅक्सेल १७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर असेल तर २७१ मिग्रॅ. इथे गोची होते ती जुन्या वजनामुळे. दर सायकलला काट्यावर उभं करा, फाइलमधला आकडा उतरवू नका.

सलाइनची गल्लत तर नेहमीची. ऑक्सॅलिप्लॅटिन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, कारण क्लोराइडने ते बिघडतं. लाइन आधी-नंतर फ्लश करायची तीही डेक्स्ट्रोजनेच. ट्रॅस्टुझुमॅबला नेमकं डेक्स्ट्रोज चालत नाही, नॉर्मल सलाइनच हवं, आणि व्हायल (औषधाची कुपी) गदागदा हलवायची नाही, हलकेच फिरवायची. पॅक्लिटॅक्सेलला साधा पीव्हीसी प्लास्टिकच्या नळीचा सेट नको, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर हवा.

सगळ्यात जपायचं ते लाल डॉक्सोरुबिसिनला. शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस सडतं, आणि ते दिसायला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशीची किरकोळ लाली बघून निश्चिंत होऊ नका. पेशंट ‘झोंबतंय’ म्हणाला की ड्रिप थांबवा, पण कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) काढू नका. आधी त्याच कॅन्युलातून सिरिंजने जेवढं ओढता येईल तेवढं ओढून घ्या, मग काढा. दाबू-चोळू नका. लालीची कड पेनाने आखा, हात वर ठेवा, डॉक्टरांना बोलवा. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक. व्हिन्क्रिस्टिन झिरपलं तर गरम. हे दोन उलटे आहेत, भिंतीवर लिहून लावलेले बरे.

केमोनंतर साधारण ४८ तास लघवी-उलटीतही औषध असतं. ते साफ करताना ग्लोव्हज हवेतच, घरच्यांनाही सांगा.

व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून. पाठीच्या कण्यात गेलं तर पेशंट जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून ते सिरिंजमध्ये भरून ठेवायचंच नाही, ५० मिलीच्या छोट्या बॅगेत द्यायचं. बॅग कोणी चुकून पाठीत टोचत नाही.