इन-स्टेट फीसाठी गॅप इयर घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत जन्मलेली आणि पुण्या-मुंबईत वाढलेली बरीच मुलं बारावीनंतर तिकडे शिकायला जातात. पासपोर्ट अमेरिकेचा, मामा सॅन होजेला. मग घरात बेत शिजतो: वर्षभर शिक्षण थांबवून (म्हणजे गॅप इयर घेऊन) मामाकडे राहायचं, कॅलिफोर्नियाचं रहिवासी व्हायचं आणि राज्यातल्या रहिवाशांसाठी असलेली कमी, म्हणजे इन-स्टेट फी भरायची. मोह पडण्यासारखाच आकडा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठात राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३४ हजार डॉलरहून जास्त रक्कम वेगळी भरावी लागते. पण हा बेत बहुतेकदा फसतो आणि मुलाचं एक वर्ष हातचं जातं.

पहिला गैरसमज पासपोर्टचा. नागरिकत्व देशाचं असतं, फीची सवलत राज्य देतं. राज्य विचारतं, तुमचं घर कुठे आहे?

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. मुलगा तिथे राहिला की झालं, असं आपण धरून चालतो. पण पदवीच्या मुलांच्या बाबतीत बहुतेक राज्यं आईवडिलांचं घर बघतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात मूल २४ वर्षांच्या आतलं असेल आणि पालक राज्याबाहेर असतील, तर साधारणपणे स्वतःच्या कमाईवर जगत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. पुण्याहून बाबा पैसे पाठवतात, खाणं-राहणं मामाकडे, असं असेल तर ते पुरावे आणणार कुठून? मामाला कायदेशीर पालक करून घेण्याचा सल्लाही कुणीतरी देतंच. व्हर्जिनियाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की मुख्यतः रहिवासी ठरण्यासाठी केलेलं पालकत्व चालणार नाही. या वाटेला जाऊच नका.

पालक खरोखरच त्या राज्यात राहायला गेले असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गॅप इयर कामी येऊ शकतं, फक्त तारखा सांभाळा. टेक्सासमध्ये सत्राच्या सेन्सस डेटच्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते त्या तारखेच्या) आधी सलग १२ महिने वास्तव्य लागतं आणि नोकरी, स्वतःचं घर किंवा व्यवसाय असा राज्याशी बांधणारा पुरावाही. ऑक्टोबरमध्ये पोचून पुढच्या ऑगस्टची फी वाचत नाही. लायसन्स, घराचा करार, टॅक्स हे सगळं पहिल्या महिन्यापासून नव्या पत्त्यावर करा.

एच-४ वरच्या, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्या पालकांमुळे मिळणाऱ्या व्हिसावरच्या मुलांसाठी तर गॅप इयर जास्तच जोखमीचं. टेक्सास आणि कॅलिफोर्निया या व्हिसावर रहिवासी होऊ देतात, पण २१ व्या वर्षी एच-४ संपतो. त्यानंतर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, तर त्या व्हिसावर नव्याने रहिवासी होता येत नाही. एक वर्ष थांबलं की पदवीतलं आणखी एक वर्ष एकविशीच्या पलीकडे सरकतं.

रिकाम्या वर्षात जवळच्या कॉलेजात थोडे क्रेडिट करून ठेवू, हा विचारही आधी तपासून घ्या. तुम्ही कायमचं राहायला नाही, शिकायलाच आलात असा अर्थ निघू शकतो. शिवाय काही विद्यापीठांत नवागतांच्या स्कॉलरशिपला मुकावं लागतं.

आणि स्कॉलरशिप हीच पुण्यातल्या मुलासाठी जास्त खरी वाट आहे. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली, तर बाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्यालाही इन-स्टेट दर लागू होऊ शकतो. जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेशअर्ज लवकर भरा. आणि वर्ष थांबायचं ठरवण्याआधी त्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला (कोण राज्याचा रहिवासी हे ठरवणाऱ्या कार्यालयाला) आपली खरी परिस्थिती कळवून लेखी उत्तर मागून घ्या.