वापरलेला हाय-कॉम्प्रेशन पिस्टन घेण्याआधीची तयारी

जुन्या बाजारात पिस्टन हातात घेऊन ‘हा साडेआठचा का?’ असं विचारलं, की उत्तर हमखास ‘हो’च येतं. हा आकडा कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा. पण तो एकट्या पिस्टनचा नसतोच. तोच पिस्टन दुसऱ्या हेडखाली (सिलिंडरच्या वरच्या झाकणाखाली) किंवा हेड-ब्लॉकमधलं पॅकिंग (गॅस्केट) जाड घालून बसवला की आकडा बदलतो. म्हणून घरून निघण्याआधी आपल्या इंजिनाची मापं वहीत उतरवा. बिडाच्या ब्लॉकची बुलेट ३५० घेऊ. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी, म्हणजे स्ट्रोकची जागा ३४६.४ सीसी. या जागेत पिस्टन पूर्ण वर असताना उरणारी जागा मिळवायची आणि बेरजेला त्या उरलेल्या जागेनेच भागायचं, की रेशो मिळतो. ७ हवा असेल तर वर ५७.७ सीसी उरायला हवी, ८.५ हवा असेल तर ४६.२. सगळा खेळ साडेअकरा सीसीचा आहे, त्यामुळे नजरेच्या अंदाजावर भरवसा नको.

पिशवीत डिजिटल व्हर्निअर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च आणि रॉकेलने ओला केलेला फडका ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याच गाडीचा जुना पिस्टन सोबत न्या. दोन पिस्टन शेजारी धरले की निम्मी शंका तिथेच फिटते.

आधी फडक्याने पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन पुसून आकडे वाचा. ०२०, ०४० किंवा ०.५०, १.०० दिसलं तर तो ओव्हरसाइज (रुंद केलेल्या सिलिंडरसाठीचा जाड पिस्टन) आहे, कॉम्प्रेशनशी त्याचा थेट संबंध नाही. ०४० म्हणजे ४० थाउ (इंचाचे हजारावे भाग), सुमारे एक मिमी. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या) आत ओतीव अक्षरांत पार्ट नंबर असेल तर फोटो काढा, पण त्यावर विसंबू नका. माथ्यावर लेथच्या बारीक गोल रेघा दिसल्या तर कुणीतरी तो खरवडून खाली घेतलेला असू शकतो. मग कॅटलॉगमधला आकडा या पिस्टनला लागू होत नाही.

खरं माप पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या दांडीच्या) भोकापासून घ्यायचं. भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवा. हीच कॉम्प्रेशन हाइट. ७० मिमी बोअरला ही उंची एक मिमीने वाढली तर वरची जागा ३.८५ सीसीने घटते आणि ८.५चा रेशो ९.२च्या घरात जातो. हवा खाऊन थंड होणाऱ्या बिडाच्या ब्लॉकला मी तरी इतकं कॉम्प्रेशन देणार नाही. चढावर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू झालं की पिस्टनचा माथाच जातो.

रिंगच्या खाचा, पिनचं भोक आणि स्कर्टवरचे ओरखडे तिथेच तपासा. खाचेत नवी रिंग सैल हलत असेल तर पिस्टन खाली ठेवा, रेशो कितीही मनासारखा असो.

घरी आल्यावर माथ्याचा फुगवटा मोजायचा. त्यासाठी मापाचा बोअर (पिस्टन बसेल असा सिलिंडर), मध्ये बारीक भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी, ग्रीस आणि ब्युरेट (खुणांची, तोटी असलेली काचेची नळी) लागतं. ब्युरेट नसेल तर बारीक खुणांची मोठी सिरिंज चालते. पिस्टन बोअरमध्ये असा बसवा की माथ्याची सपाट कड तोंडापासून बरोबर १० मिमी खाली राहील. फुगवटा त्याहून उंच असेल तर आणखी खाली घ्या. कडेची फट ग्रीसने बुजवा, पट्टी ग्रीस लावून दाबा आणि रंगवलेलं रॉकेल हळूहळू सोडा. बोअर किंचित तिरका ठेवून भोक उंच बाजूला आणलं की बुडबुडा अडकत नाही. माथा सपाट असता तर ३८.५ सीसी मावलं असतं. ३३ मावलं, तर फुगवटा साडेपाच सीसीचा. आसपास विडी, स्टोव्ह काही नको.

हेडची पोकळी याच पद्धतीने मोजा, पण व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवून. त्यात दाबल्या गेलेल्या पॅकिंगची जागा मिळवा. वर आलेल्या पिस्टनची कड ब्लॉकच्या तोंडापासून जितकी खाली राहते, तितकी जागाही मिळवा. मग त्यातून फुगवटा वजा करा. जे उरेल ते वहीतल्या ४६.२शी ताडून पाहा. जास्त निघालं तर पातळ पॅकिंगने रेशो वाढवता येतो. मात्र तसं करण्याआधी माथ्यावर खेळण्यातल्या चिकणमातीचा थर लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि व्हॉल्व्हखाली थर किती उरला ते कापून बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट कळेल.