शुक्रवारीला निघण्याआधी

शुक्रवारी म्हणजे बडोद्याचा दर शुक्रवारचा जुना बाजार. त्याची तयारी घरातच सुरू होते, आणि तिच्यातली पहिली वस्तू म्हणजे टेप. शिंप्याची नको, ती ताणली की खोटं बोलते. सुताराची, पोलादी घ्या. बडोद्यात विकायला येणारं चांगलं जुनं सामान बहुतेक रावपुरा, मांडवी, दांडिया बाजारातल्या वाड्यांतून निघतं, नाही तर अलकापुरीतले बंगले पाडून इमारती उभ्या राहतात तेव्हा. ती घरं उंच छताची, जाड भिंतींची. तुमचं घर गोत्रीतलं किंवा वाघोडिया रोडवरचं दोन खोल्यांचं. बाजारात मोकळ्या आभाळाखाली बेताचं वाटलेलं कपाट दिवाणखान्यात आलं की अर्धी भिंत खातं. म्हणून ज्या भिंतीसाठी वस्तू हवी तिची रुंदी, खिडकीच्या कठड्याची उंची, सोफ्याच्या पाठीची उंची आणि प्लगची जागा आधी मोजून ठेवा. मग जिना मोजा, विशेषतः त्याचं वळण. लिफ्टचं दार मोजा आणि आतली खोलीही. मापं फूट-इंचात लिहा, कारण दुकानदार आणि सुतार दोघंही त्यातच बोलतात. प्रत्येक भिंतीचा फोटो काढून त्यावरच आकडे टाकले तर वही विसरली तरी चालतं.

त्याच बैठकीत ठरवा की घरात नक्की काय कमी आहे. मला वाटतं, ‘शोभेची वस्तू’ हे कारण यादीत असूच नये. कोपऱ्यात दिवा हवा, चपलांवर झाकण हवं, बसायला आणखी एक जागा हवी, एक भिंत फार बोडकी दिसते, असं काही तरी ठोस लिहा. तीन गोष्टी पुरेत. चौथी लिहिलीत की बाजारात सातवी घेऊन याल. आणि नको असलेल्यांचीही एक ओळ असू द्या. आमच्याकडे त्या ओळीत ‘समई’ आहे, कारण घरात आधीच तीन आहेत आणि तरी समई दिसली की हात पुढे जातोच.

कधी जायचं हेही तयारीतच येतं. दिवाळीच्या आधीची साफसफाई हा सगळ्यात भरघोस हंगाम. माळ्यावरचं सगळं तेव्हाच खाली येतं. दिवाळी झाल्यावर मात्र लाभपाचमपर्यंत बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा हेलपाटा घालू नका. दुसरा हंगाम एप्रिल-मे. रिफायनरी, जीएसएफसी (खत कारखाना) यांच्यासारख्या कंपन्यांच्या वसाहतींतून बदल्या होतात, फतेगंजच्या आसपासचे विद्यार्थी खोल्या सोडतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अर्जंट विकणे’चे संदेश येऊ लागतात. तिथे मिळणारं सामान जुनं नसतं, वापरलेलं असतं. पण शेल्फ, टेबललॅम्प, आरसे घ्यायला ते शुक्रवारीपेक्षा बरं, कारण मालक समोर असतो आणि वस्तू का विकतोय ते सांगतो.

पिशवीत काय असावं? टॉर्च, लोहचुंबक, भिंग, कापसाचा बोळा आणि छोट्या बाटलीत स्पिरिट, जुनी चादर, सुतळी, सुटे पैसे. क्यूआर सगळीकडे दिसतो, तरी घासाघीस रोखीतच जमते.

टॉर्च लाकडासाठी. वस्तू उलटी करा, ड्रॉवर बाहेर काढा, मागची फळी बघा. पुढच्या पॉलिशवर वेळ घालवू नका. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्याखाली पिठासारखी ताजी भुकटी म्हणजे लाकूडकिडा अजून आत आहे. भोकं आहेत पण भुकटी नाही, झटकल्यावरही पडत नाही, तर किडा गेलेला असू शकतो. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि मग ती वस्तू कितीही सुंदर असो, सोडून द्या. साग जड असतो. उचलून बघितलं की कळतं. कडेला थर दिसले तर ते प्लाय, आणि वर कोरीव पट्टी चिकटवलेली असली तरी भाव प्लायचाच द्यायचा.

बडोद्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते: पुराचं पाणी. 31 जुलै 2019च्या पावसात आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा तळमजल्यावरच्या हजारो घरांतलं लाकडी सामान पाण्यात उभं होतं. त्यातलं बरंच पॉलिश होऊन बाजारात फिरतं आहे. पायांवर एकाच उंचीला आडवी काळपट रेघ, तळाच्या फळीला फुगवटा, खिळ्यांभोवती गंजाचे डाग आणि ड्रॉवर उघडताच येणारा कुबट वास यावरून ते ओळखू येतं. भरीव सागवान वाळून टिकतं, त्यामुळे रेघ असलेला सागवानी चौरंग मी घेईन, पण भाव पाडून. पार्टिकल बोर्डला मात्र एकदा पाणी लागलं की तो संपला.

लोहचुंबक पितळेसाठी. घंगाळ, हंडा, कळशी, तांब्या, दिवली, काहीही असो, चुंबक चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. चिकटला नाही म्हणजे लगेच पितळ असं नाही, ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. पण ते वजनाला हलकं, हातात घेताच फरक कळतो. निघण्याआधी ओळखीच्या भांड्यांच्या दुकानात पितळ-तांब्याच्या मोडीचा त्या दिवशीचा भाव विचारून ठेवा. मग घंगाळाचं वजन अंदाजून तुम्हाला कळतं की विक्रेता धातूचे पैसे मागतोय की जुनेपणाचे. दोन्ही मागायला हरकत नाही. आपल्याला कशाचे द्यायचे आहेत, तेवढं ठरलेलं असावं.

स्पिरिटचा बोळा पॉलिश ओळखायला. मालकाला विचारून, मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी हलकेच फिरवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं जुनं पॉलिश. काहीच झालं नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे अलीकडचं काम. ही परीक्षा आपल्याकडे फार कामाची, कारण आपण संखेड्याच्या दारात राहतो.

संखेडा बडोद्यापासून सुमारे 50 किलोमीटरवर, 2013पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात. तिथले खराद्ये सागाचे दांडे कातून त्यावर लाखेचं काम करतात. मरून आणि सोनेरी ही जुनी जोडी. काळा, हिरवा, हस्तिदंती रंग नंतरचे. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत लग्नात आलेला संखेड्याचा सोफा किंवा पाळणा आहे, आणि नव्या सुनांना तो भडक वाटतो म्हणून तो बाजारात येतो. त्यातलं सोनेरी हा सोनेरी रंग नसतो. जुन्या पद्धतीत कथील कुटून, सरसात कालवून नक्षी काढत आणि वर लाख चढवत. चंदेरी कथील लाखेखालून सोनेरी दिसतं. म्हणून हात टेकून टेकून लाख झिजलेल्या जागी सोफा चंदेरी दिसायला लागतो. तसा दिसला तर खूश व्हा, काम जुन्या पद्धतीचं आहे. नक्षीही नीट बघा: हाताने काढलेल्या दोन फुलांत थोडा तरी फरक असतोच. पण झिजेवर बाजारातला सोनेरी रंग मात्र फासू नका, तो ठिगळ लावल्यासारखा उठून दिसतो.

घेण्याआधी सोफ्यावर बसा आणि डाव्या-उजव्या बाजूला झुला. दांडे भोकांत बसवलेले असतात, ते सैल झाले की करकरतात. एखादा दांडा तुटलेला असेल तर सौदा सोडायचं कारण नाही, खराद्याकडे नवा कातून मिळतो, फक्त जुन्याचं माप आणि नमुना बरोबर न्या. अख्खा सेट कोणी देत असेल तरी आजच्या घरात मी एक खुर्ची किंवा एकच बाकडं घेईन. पांढऱ्या भिंतीसमोर, शेजारी साध्या खादीची गादी, आणि आजूबाजूला दुसरं काही चमकणारं नाही, अशी मांडली की तीच वस्तू ओळखू येत नाही इतकी देखणी दिसते. पाचही नग आणले की लग्नाच्या हॉलचा स्टेज होतो. आणि घरात आल्यावर तिच्यावर गरम कप ठेवायचा नाही, सॅनिटायझरच्या हाताने टेकायचं नाही. स्पिरिटने लाख विरघळते हे आत्ताच बघितलं. ओलसर फडका, लगेच कोरडा फडका, बस.

भिंग चित्रांसाठी. राजा रविवर्म्याने सयाजीरावांसाठी पौराणिक प्रसंगांची 14 चित्रं केली, त्यामुळे या गावात प्रत्येक जुनी फ्रेम ‘रविवर्माची’ असते. मूळ चित्रं राजवाड्यात आणि फतेहसिंह संग्रहालयात आहेत. बाजारात असतात ती छापील. 1894 साली त्याने मुंबईत काढलेल्या छापखान्यातली, किंवा काल छापलेली. भिंगाखाली एकसारख्या ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ती हल्लीची ऑफसेट प्रत. त्याच्या छापखान्यातल्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून घेतलेल्या छपाईत, ठिपके वेडेवाकडे, हाताने टिपलेले असतात. नवी प्रत घेऊ नये असं नाही. जुन्या सागवानी फ्रेमसाठीसुद्धा घ्यावी, पण मग पैसे फ्रेमचे द्यावेत.

काचसामानाचं थोडक्यात: ग्लासांच्या तळाशी येरा नाव शोधा, ती आपल्याच अलेंबिकची काच. कडेवरून बोट फिरवा, टवका लागला तर तो ग्लास फुलं ठेवायला.

आता जे घ्यायचंच नाही ते. हस्तिदंताची डबी, पेटीवरचं हस्तिदंती जडावकाम यांना हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आणि ‘दीडशे वर्षांपूर्वीची मूर्ती’ असं कोणी सांगितलं तर एक तर ते खोटं, नाही तर ती 1972च्या पुरावस्तू कायद्यात बसते: 100 वर्षांवरची मूर्ती, चित्र, नाणं, आणि हस्तलिखित असेल तर 75 वर्षांवरचं. अशा वस्तूचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ती परदेशातल्या मुलाकडे पाठवता तर येतच नाही. जुना रंग दिलेल्या पाळण्या-खेळण्यांबद्दलही सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, आणि लहान मूल असेल त्या घरात ती वस्तू आणूच नका.

भाव करताना ‘छेल्लो भाव बोलो’ (शेवटचा भाव सांगा) हे पहिलं वाक्य नसावं. आधी वस्तूतला दोष दाखवा, तोही शांतपणे, आणि मग आकडा बोला. दुकानदार काका बहुतेक गुजरातीत बोलतील. आपल्या बडोदेकरी मराठी-गुजराती खिचडीला ते हसतात, पण हसल्यावर थोडे उतरतातही. छोटा हाथी, म्हणजे सामानाचा छोटा टेम्पो, ठरवतानाच हमाली, मजला आणि लिफ्ट आहे की नाही हे सांगून टाका. नाही तर दारात वाद होतो.

वस्तू घरी आली की सरळ दिवाणखान्यात नाही, गॅलरीत किंवा गच्चीवर. गादी, उशी, विणलेली खुर्ची यांच्या शिवणीत टॉर्चने ढेकूण बघा: काळे ठिपके, सालं. ढेकूण साधारण 50 अंशांना मरतात, आणि बडोद्याचा मे महिना काळ्या प्लॅस्टिकखाली तेवढी उष्णता सहज देतो. लाकडाला मात्र थेट उन्हात ठेवू नका, तडकतं. पितळ चिंचेने उजळतं, पण कोपऱ्यातली काळसर छटा सगळी घालवायला जाऊ नका. नक्षी त्या काळेपणामुळेच दिसते. घंगाळात झाड लावायचं तर कुंडी वेगळी आत ठेवा, पितळेला भोक पाडू नका. जुन्या दिव्याची वायर, होल्डर, पिन तिन्ही नवीन करून घ्या, धातूचा दिवा असेल तर अर्थिंगसह, आणि पिवळसर प्रकाशाचा एलईडी लावा. जुन्या काचेला तो शोभतो, आणि तापतही नाही.

मांडणीत एकच माप लक्षात ठेवा: फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. लोक फार वर टांगतात. आरसा खिडकीसमोर लावा; पाठीचा पारा उडून पडलेले काळे डाग राहू द्यात. कच्छी-काठियावाडी चाकळा (भरतकामाचं चौकोनी कापड) किंवा आईची जरीची नऊवारी भिंतीवर लावायची असेल तर काचेला कापड टेकणार नाही अशी फ्रेम करून घ्या, आणि ऊन येत नाही ती भिंत निवडा.

झोपाळ्याचं शेवटी, कारण तो सगळ्यांनाच हवा असतो. पितळी कड्यांसकट सागवानी झोपाळा गुजराती घरांतून अजूनही चांगला मिळतो. फळीची लांबी मोजा, पुढे-मागे किमान तीन-तीन फूट मोकळी जागा आहे का बघा, प्रत्येक कडीचा घासलेला भाग तपासा. हुक स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच, फॉल्स सीलिंगमध्ये कधीच नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून, किंवा सरळ लोखंडी स्टँड घेऊन. हुक बसवल्यावर फळीवर पाण्याचे वीस लिटरचे सात-आठ जार ठेवून रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी हुकाभोवती प्लास्टरला बारीक चीर दिसली तर कोणालाही बसू न देता मिस्त्रीला बोलवा.