पीएच.डी.ची जागा आणि फेलोशिप : अर्ज करताना या चुका टाळा

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली म्हणजे पीएच.डी.चा प्रवेश झाला, असे धरून चालणे ही विद्यार्थ्यांना सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रवेश विद्यापीठ देते, तर पैसा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) किंवा राज्याची एखादी संस्था देते. दोहोंच्या मुदती आणि कागदपत्रे वेगळी असतात. यूजीसीचे जेआरएफ अवॉर्ड लेटर (फेलोशिप मंजुरीचे पत्र) तीन वर्षे वैध असते. तेवढ्या अवधीत प्रवेश झाला नाही, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये देणारी फेलोशिप हातची जाते. २०२४ पासून नेटमध्ये केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणाराही गट आहे. त्याचे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात आणि फेलोशिप मिळत नाही. त्यामुळे निकालपत्रावर आपला गट कोणता, हे आधी नीट वाचावे.

दुसरी चूक मार्गदर्शकाच्या निवडीत होते. ओळखीच्या सरांना डोळ्यांपुढे ठेवून कित्येक महिने संशोधनाचा आराखडा लिहायचा आणि ऐन मुलाखतीच्या तोंडावर त्यांच्याकडे जागाच नसल्याचे कळायचे, असे फार वेळा घडते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून विद्यापीठाची रिक्त जागांची यादी आधी पाहावी आणि मगच आराखड्याला हात घालावा.

मार्गदर्शकांना पाठवायच्या ई-मेलबद्दल मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते, कारण चांगली मुले इथेच मागे पडतात. ‘आपल्या संशोधनात मला रस आहे’ एवढाच मजकूर वीस जणांना पाठवला, तर उत्तराची अपेक्षा ठेवू नये. त्याऐवजी, ‘भूजलातील फ्लोराइडवरील आपला शोधनिबंध वाचला, एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी आमच्या तालुक्यातील विहिरींचे पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे नमुने तपासले असून त्यांतील फरकाचे कारण मला शोधायचे आहे’, असे लिहिणाऱ्याने प्रश्न स्वतः ओळखला आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. जेआरएफधारकांचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो आणि तिथेही हीच तयारी कामी येते.

संशोधन प्रकल्पातील जेआरएफ पदाची जाहिरात आणि नेटची जेआरएफ यांतही गल्लत होते. प्रकल्पातील मानधन प्रकल्पाच्या मुदतीपुरतेच असते आणि त्या पदाबरोबर पीएच.डी.चा प्रवेश आपोआप मिळत नाही. प्रकल्पाची किती वर्षे उरली आहेत, नोंदणीला परवानगी आहे का आणि नंतरचा खर्च कोण करणार, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

बार्टी, सारथी आणि महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असावी लागते, शिवाय जाहिरातीत दिलेल्या कालावधीतच ती झालेली असणे आवश्यक असते. त्यामुळे नोंदणी कायम झाल्याचे पत्र विद्यापीठाकडून मिळेपर्यंत स्वस्थ बसू नये. पत्राला विलंब होत असेल, तर विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच जपून ठेवावी.