सागाच्या जाळीदार पानाचा कुर्ता

आमच्या घाटंजीकडे पावसाळा सरता सरता सागाच्या पानांची जाळी होते. अळी हिरवा गर खाते, शिरा तेवढ्या ठेवते. कापडावर छापायला याच्याहून चांगला फोटो मला तरी सापडला नाही. गिऱ्हाईक बाया मात्र मोबाइलमधला वाघ, नाहीतर सूर्यास्त घेऊन येतात. बाप्पा! एक चूण पडली, मधून शिवण गेली की त्या वाघाचं मांजर होते. फोटो अंगावर चढणार आहे, भिंतीवर नाही. तुकड्यातही ओळखू येईल असंच काहीतरी घ्या.

पान पांढऱ्या कागदावर सावलीत ठेवा आणि फोन बरोबर वरून धरा. थेट उन्हात शिरांची सावली पडते, जाळी गचाळ दिसते. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. छपाईला इंचाला 150 पिक्सेल धरले, तर तो 26 बाय 20 इंचांपर्यंत चालतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून टाका, नाहीतर वाटेतच त्याचा जीव जातो.

आता नक्षी. गिम्प हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात 1800 पिक्सेलचा चौकोन घ्या, म्हणजे कापडावर 12 इंच. मधे एक पान ठेवा, मग 'ऑफसेट' वापरून सगळं चित्र रुंदीच्या निम्मं आडवं आणि उंचीच्या निम्मं उभं सरकवा. पान तुटून चार कोपऱ्यांत जाईल आणि मधे मोकळी जागा राहील. तिथं दुसरं पान बसवा, पण काठाला हात लावू नका. तो काठ पुढच्या चौकोनाशी जुळायचा आहे. मग तोच चौकोन चार बाय चार मांडून दोन पावलं मागे या. आडवी-उभी रेघ डोळ्यात भरली, तर पानं परत हलवा.

पानांची देठं सगळी एकाच दिशेला नकोत. खांद्यावर शिवण न देता दुमडून कापलेल्या कुर्त्यात पाठीवरची पानं उलटी लटकतात. देठं वेगवेगळ्या दिशेला असली की कापड कसंही पसरून बेतता येते आणि कापडही वाचते. मोठं एकटं पान समोर हवं असेल, तर आधी कागदी कटिंगवर छातीची ओळ आखा आणि पान त्या ओळीच्या वरच्या बाजूला किंवा खाली सरकवा. नेमकं छातीवर दोन बाजूंना दोन गोल आकार आले, की ती बाई कुर्ता एकदाच घालते.

कापड सुतीच घ्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जाते, पॉलिएस्टर कोण घालणार? सुतीवर रिॲक्टिव्ह शाईची छपाई सांगा; त्यात कापडाला आधी लेप लावतात, छापल्यावर वाफ देऊन धुतात. सब्लिमेशन, म्हणजे कागदावर छापून उष्णतेनं कापडावर उतरवलेली छपाई, पॉलिएस्टरसाठी असते, साध्या सुतावर ते टिकत नाही. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला हेच आधी विचारा. आणखी एक: या छपाईत सहसा पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरं कापड. मळकट कापड घेतलं तर फोटोतला पांढराही मळकटच येईल. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं छापायची असली, तर मागची जमीन गडद ठेवा.

ऑर्डर देण्याआधी अर्ध्या मीटरचा नमुना मागवा. तो धुवून उन्हात वाळवा आणि मग टेप लावा. 12 इंचाचा चौकोन साडेअकरा झाला, तर नक्षीचं फारसं बिघडत नाही. पण समोरचं एकटं पान असेल तर फाइलमध्ये तेवढं मोठं करावं लागेल. रंगही दारात उजेडात पाहा, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कापडावर हमखास फिका पडतो.

शिवताना कुर्त्याच्या बाजूच्या चिरेला आतून त्याच कापडाची दोन इंची पट्टी लावा, छापील बाजू बाहेर दिसेल अशी. उलटी बाजू फिकी असते आणि चालताना नेमकी तीच दिसते.