जुनी गंजलेली पिकअप घरी दुरुस्त करताना: आधी पाणी शोधा

जुनी पिकअप दारात आली की तिला कोणता रंग द्यायचा हे पहिल्याच दिवशी ठरते आणि तिचा पत्रा आतून किती उरला आहे हे काही महिन्यांनी कळते. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. गंज चढायला लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी या तिन्हींची गरज असते आणि मिठाचा अंश असेल तर तो आणखी वेगाने पसरतो. यांपैकी लोखंड आणि हवा तुमच्या हातात नाहीत. पाणी मात्र आहे. म्हणून गाडीत पाणी कोठून शिरते, कोठे साचते आणि बाहेर का पडत नाही, हे समजून घेतल्याखेरीज ग्राइंडर हातात घेऊ नये. सडलेल्या जागी नवा पत्रा जोडला आणि पाण्याची वाट तशीच ठेवली, तर तो पत्राही त्याच जागी सडणार आहे.

तपासणी गाडी धुण्यापूर्वीच करावी, कारण सुकलेल्या चिखलाचे थर पाण्याची वाट दाखवतात. एक छोटा हातोडा आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर पुरेसा आहे. सुरुवात चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून करावी, कारण या गाड्यांत केबिन आणि हौदा हे दोन्ही स्वतंत्रपणे चेसिसवर बसवलेले असतात आणि सगळा भार चेसिसच पेलते. हातोड्याने हलके ठोकत गेल्यास शाबूत लोखंड खणखणीत वाजते आणि सडलेले बद्द. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, क्रॉस मेंबरचे म्हणजे आडव्या दांड्यांचे जोड, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि केबिन जेथे चेसिसवर टेकते त्या बैठका येथे विशेष लक्ष द्यावे. दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतील तेथे गंज मध्येच वाढतो आणि मूळ लोखंडापेक्षा त्याचे आकारमान कितीतरी जास्त असल्याने तो दोन्ही पत्रे फाकवतो. असा फुगवटा दिसला तर वरचा रंग कितीही चांगला असला तरी आत नुकसान झाले आहे, हे गृहीत धरावे. पाट्यांच्या हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सपाशी चेसिसच पातळ झाली असेल, तर ते काम अनुभवी वेल्डरकडे सोपवावे किंवा दुसरी चेसिस शोधावी. तेथे घरगुती प्रयोगाला जागा नाही.

केबिनमध्ये पाणी बहुधा वरून येते. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन भेगाळले की पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरते आणि पायाखालच्या पत्र्यावर, चटईखाली, आठवडेच्या आठवडे राहते. काचेच्या खालच्या बाजूला असलेल्या हवेच्या कप्प्यात पाने आणि माती साचून त्यांचा ओला लगदा होतो, आणि केबिनचे खालचे कोपरे बाहेरून नव्हे तर त्या लगद्यामुळे आतून कुजतात. दारांचेही तसेच आहे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. एका दाराच्या अशा छिद्रात मी जाड तार घालून फिरवली, तेव्हा दगडासारखी घट्ट झालेली मातीची गुठळी बाहेर आली आणि तिच्यामागून तपकिरी पाण्याची धार लागली. त्या दाराचा रंग बाहेरून चांगला चकाकत होता.

खोलताना घाई करू नये. प्रत्येक भागाचे काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठीसह ठेवावेत आणि जुना, मोडका भागही नवा हाती येईपर्यंत टाकू नये, कारण मोजमापासाठी तोच लागतो. अडकलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल रोज थोडे थोडे, तीन-चार दिवस सोडावे आणि पाना लावताना आधी किंचित घट्ट, मग सैल असे मागेपुढे फिरवावे. नुसत्या जोराने बोल्टचे डोके तुटते आणि पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो.

बॅटरी सोडवणे आणि पेट्रोलची टाकी काढून दूर नेणे ही कामे ठिणगी उडवणाऱ्या कोणत्याही कामाच्या आधीची आहेत. अनेक जुन्या पिकअपांत टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे असते आणि रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. नुसत्या जॅकवर पेललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; चाकांना अडण्या लावून गाडी भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. रंग ओला करून घासावा, ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओल्या फडक्याने टिपावी आणि सूक्ष्म कण अडवणारा मास्क तोंडावर असावा.

गंज काढण्याच्या पद्धती भागाच्या आकारावरून ठरतात. चेसिसवरचे सुटे पोपडे खरवडणी आणि तारेच्या ब्रशने निघतात. बॉनेट, छत, दार अशा मोठ्या, सपाट पत्र्यांवर जोरदार सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा मारा केल्यास पत्रा ताणला जाऊन लाटेसारखा होतो आणि ती लाट नंतर कशानेही जात नाही; शिवाय साध्या वाळूची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. लहान भाग व्हिनेगरमध्ये दिवसभर बुडवून ठेवावेत आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावेत.

कंगोरे असलेल्या भागांसाठी मला विद्युत पद्धत सर्वांत आवडते, कारण ती चांगल्या लोखंडाला धक्का लावत नाही. प्लास्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत आणि तारा उलट जोडू नयेत, नाहीतर गाडीचा भागच झिजेल. पट्टी स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवावा, जवळ ज्योत नसावी आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. अॅल्युमिनिअमचे भाग यात घालू नयेत. पाटे आणि उच्च ताकदीचे बोल्ट यात किंवा आम्लात बुडवू नयेत, कारण हायड्रोजन शोषून असे कठीण पोलाद ठिसूळ होते.

आता पत्र्याचे काम. येथे सर्वाधिक संयम लागतो. सडलेला भाग कापताना गंजाच्या कडेशी न थांबता चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे जावे. मात्र दाराखालचा उंबरठा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी आधार टाक्यांनी जोडून घ्यावा. मी एकदा हा आधार न देता उंबरठा कापला; केबिन काही मिलिमीटरच खचली, पण दार पुन्हा नीट लागेना आणि केलेले सर्व वेल्डिंग मला कापून काढावे लागले. तेव्हापासून कापण्याआधी दाराभोवतीच्या फटी मोजून पत्र्यावरच लिहून ठेवतो.

नवा तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा, म्हणजे बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास, घ्यावा आणि तो जुन्यावर न चढवता कडेला कड भिडवून जोडावा. एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांच्या मध्ये पुन्हा पाणी धरून राहते. मिग वेल्डरला (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग यंत्राला) ०.६ मिलिमीटरची तार लावून सुमारे २५ मिलिमीटर अंतरावर एकेक टाका द्यावा, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि मधल्या जागा हाताला पत्रा थंड लागल्यावरच भराव्यात. सलग रेघ ओढली की उष्णतेने पत्रा वाकतो. वेल्डिंगची जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने कधीही पुसू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असेल तर काम सोपे आहे: फळ्या बदलाव्यात, पण बसवण्यापूर्वी त्यांच्या सहाही बाजूंना तेल किंवा वॉर्निश द्यावे आणि खालचे आडवे दांडे आधी रंगवून घ्यावेत.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन स्टार्टर मारून फिरवू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने हळूहळू फिरवून पाहावे. ब्रेकच्या बाबतीत तडजोड करू नये. नळ्या, होज आणि सिलिंडर नवेच बसवावेत. १९५० आणि १९६० च्या दशकांतील बहुसंख्य पिकअपांत चारही चाकांना एकच ब्रेक सर्किट असते, त्यामुळे एक नळी फुटली की पायाचा ब्रेक पूर्ण जातो. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत पोहोचवणारा मुख्य सिलिंडर) बसवणे हा मूळ रूपात केलेला एकमेव बदल असला तरी तो करावाच, असे मी म्हणेन.

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, कारण दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. दोन घटकांचे इपॉक्सी प्रायमर ओल अडवते; पुट्टी मात्र ओल शोषते, म्हणून ती इपॉक्सीवर आणि ३ मिलिमीटरपेक्षा पातळच भरावी. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्रा ठोकून वर आणावा. सर्व जोडांवर सीम सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लवचीक लेप भरल्यानंतरच रंगाकडे वळावे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेट या विषारी रसायनापासून साधा मास्क पुरेसे संरक्षण देत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी यंत्रणा नसेल तर फवारणी गाड्या रंगवणाऱ्या कार्यशाळेत करून घ्यावी.

रंग पूर्ण वाळल्यावर दारे, उंबरठे आणि केबिनचे कोपरे यांच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारावा. हे मेणच खालच्या छिद्रांत गोठून ती बुजवते, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक छिद्रातून तार फिरवावी. मग सीट आणि चटई बसवण्याआधी पुढच्या काचेवर आणि दारांवर दहा मिनिटे पाण्याची नळी धरावी आणि आत बसून टॉर्चच्या उजेडात पाहावे. दारांखालून पाणी निथळले आणि पायाखालचा पत्रा कोरडा राहिला, तरच चटई अंथरावी.